शिवेची रुंदी: खानदेशात चालण्याला कला मानायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूर तालुक्यातला एक तरुण चित्रकार विचारतो: कलेचं शिक्षण पुरं करून गावी परत आलो. चालणं हीच आपली कला असं मानणारे कलावंत जगात आहेत, असं वाचलं. आमच्याकडे सातपुड्याचा पायथा आहे, मध्यप्रदेश आणि गुजरात दोन्ही जवळ आहेत. इथे असं काही करता येईल का? सुरुवात कुठून करायची? आणि शेवटी लोकांना दाखवायचं काय?

करता येईल. मी बरीच वर्षं हेच करते आहे, म्हणून खात्रीनं सांगते. फक्त तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मी सगळ्यात आधी विचारला असता. काय दाखवायचं आणि कुणाला, हे ठरलं की कुठून निघायचं आणि कसं चालायचं ते बरंचसं त्यातूनच ठरतं. तरी क्रमानंच जाऊ.

तुम्ही वाचलेली परंपरा साधारण 1967 पासून मोजतात. त्या वर्षी रिचर्ड लाँग या इंग्रज तरुणानं एका कुरणात एकाच रेषेत इतक्या येरझारा घातल्या की गवत दबून सरळ पट्टा उमटला. त्याचा त्यानं फोटो काढला. गवत पुन्हा उभं राहिलं, फोटो उरला. 2004 मध्ये फ्रान्सिस अलीस हा कलावंत हिरवा रंग भरलेला, तळाला छिद्र पाडलेला डबा हातात घेऊन जेरुसलेममधून चालला. 1949 च्या इस्राएल-जॉर्डन शस्त्रसंधीनंतरची जी रेषा नकाशावर हिरव्या रंगात ओढली होती, तीच त्यानं रस्त्यावर ठिबकत नेली. दोन्ही कामं मला मनापासून आवडतात. पण यातलं एकही उचलून खानदेशात आणलं तर चालणार नाही, आणि का चालणार नाही हे नीट कळलं की आपलं काम काय ते दिसू लागतं.

लाँगचं कुरण त्याच्यापुरतं मोकळं होतं. आपल्याकडे मोकळं रान असं काही नसतं. दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, वावरातून तुम्ही शंभर येरझारा घातल्या तर ते कुणाचं तरी नुकसान आहे. पडीक दिसणारी गवताळ जमीन कुणाच्या तरी गुरांचं चराण आहे, आणि डोंगरउतारावरचा उघडा तुकडा वनहक्काच्या दाव्यातला असू शकतो. अलीसच्या हिरव्या रेषेबद्दलही तसंच. जेरुसलेममधली ती रेषा माणसांना दोन बाजूंना विभागते. आपल्या सीमेवर माणसं रोज सकाळी दुधाची बरणी घेऊन पलीकडे जातात आणि जेवायला घरी येतात. तिथे रंग सांडून तुम्ही त्यांना काय नवीन सांगणार?

दुसरी गोष्ट. चालण्याला मोठा अर्थ देणारे आपण पहिले नाही, आणि ही माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही. मुक्ताईनगरहून पालखी पंढरपूरला निघते, महिनाभर चालते. चैत्रात उन्हं कावलेली असताना खानदेशातली गावंच्या गावं सप्तशृंगगडाच्या वाटेला लागतात, धुळे-मालेगाव रस्त्याच्या कडेनं भगवे झेंडे आणि पाणपोया दिसतात. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, माणसं नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातला अस्तंबा डोंगर चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तिथे आहे आणि वाट चुकलेल्याला तो वाट दाखवतो, ही त्यामागची श्रद्धा. महाशिवरात्रीला नंदुरबारच्या डोंगरातली कुटुंबं सीमेपलीकडे गुजरातेत देवमोगऱ्याला याहामोगी मातेकडे जातात. नर्मदेची परिक्रमा करणारे दक्षिण तटावरून नंदुरबार जिल्ह्यातून पुढे सरकतात. साक्री भागातले ठेलारी पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन निघतात, कुणाच्या वावरात रात्रभर मेंढ्या बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पुढच्या शिवारात जातात. जिल्ह्याची आणि राज्याची हद्द त्यांच्या लेखी चाऱ्यापाण्याच्या हिशोबातली एक अडचण असते, इतकंच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडून जुनी दप्तरं गोळा करायचे. त्यांचं निधन 1926 च्या शेवटच्या दिवशी झालं आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आज तिथे बसून आपण जे कागद वाचतो, त्यातले कितीतरी पायांनी धुळ्यात आलेले आहेत.

या सगळ्यांकडून कलावंतानं घ्यायची गोष्ट म्हणजे नेम. वारकऱ्याला विचारा, तो चालण्याचं कौतुक सांगत नाही, नेम सांगतो. कुठल्या तिथीला निघायचं, मुक्काम कुठे, काय खायचं नाही, काय बोलायचं नाही. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही. एवढ्या एका अटीतून सगळी वाट, सगळे वळसे, सगळी माणसं ठरतात. आपल्या चालण्यालाही असा एक नेम लागतो. वाट आपण बनवत नाही, ती आधीच कुणीतरी बनवलेली असते. निसर्ग, माणसं, भेटीगाठी यातलं काहीही आपलं नसतं. नेम तेवढा आपला, आणि माझ्या मते कलाकृती तिथूनच सुरू होते. नेमाशिवाय चाललात तर सहल होईल. सहलही छान असते, पण तिच्यातून पुढे काही हाती लागत नाही.

नेम साधा ठेवा. उदाहरणार्थ, पाटाची संगत सोडायची नाही. पांझरा, कान, मोसम, गिरणा या नद्यांवर फड बागायतीचे, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीचे, जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून निघायचं आणि पाट जिथे संपतो तिथे, शेवटच्या शेतकऱ्याच्या वावरात थांबायचं. जाताना पाटकऱ्याबरोबर, म्हणजे पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाबरोबर जा, कारण तो तेच अंतर रोज चालतो आणि त्याच्या चालण्यावर गावाची वाटणी अवलंबून असते. लाभक्षेत्राचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. समता ही गोष्ट पायाखालून समजते ती इथे. पाटकऱ्याला पाण्याचा आवाज ऐकून पाट कुठे फुटलाय ते कळतं. नवख्यानं आधी असं एखादं चालणं पुरं करावं आणि मगच सीमेकडे वळावं, असं माझं मत आहे. सीमेवर लक्ष उधळायला फार गोष्टी असतात.

आता सीमा. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

नवापूरचं रेल्वे स्थानक तुम्ही पाहिलं असेल. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तरांची खोली तिकडे. एका बाकावर दोन्ही राज्यांची नावं रंगवली आहेत आणि लोक त्यावर अर्धे-अर्धे बसून फोटो काढतात. ती रेषा पाहायला पाच मिनिटं पुरतात. पण स्थानकाबाहेर पडून एखादा दिवस कुठल्याही दिशेला चाला, मग कळतं की सीमा त्या बाकावर नाहीच, ती कित्येक कोसांवर पसरलेली आहे. दुकानाच्या पाटीवर गुजराती अक्षरं आधी येतात, राज्य नंतर येतं. दारूची दुकानं हद्दीच्या अलीकडे दाटीनं उभी राहतात, कारण पलीकडे दारूबंदी आहे. मोबाईल दुसऱ्या राज्यात पोचतो तेव्हा तुम्ही अजून पहिल्याच राज्यातल्या वावरात उभे असता. एस.टी.चा लाल रंग संपतो ती जागा वेगळी, शाळेतली भाषा बदलते ती जागा वेगळी. मावची ही आदिवासी बोली बोलणारी माणसं दोन्हीकडे सारखीच, त्यांच्यासाठी बदलतो तो फक्त रेशनकार्डावरचा शिक्का. प्रत्येक गोष्टीची हद्द वेगळ्या ठिकाणी असते आणि त्या सगळ्या हद्दी एकमेकींवर येत नाहीत. त्यांच्यामधला जो पट्टा उरतो, त्याला मी सीमेची रुंदी म्हणते. गाडीतून जाताना ती दिसत नाही, नकाशावर तर नाहीच नाही. ती पायांनीच मोजता येते. सीमाभागात चालण्याला कला म्हणून काही करण्याजोगं असेल तर ते हेच, ही रुंदी जाणवेल अशी करणं.

पूर्वेला ही रुंदी वेगळी आहे. रावेरहून बऱ्हाणपूरकडे चाललात तर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, तेच ठिबकचे काळे पाइप, खोडांचा तोच ओला वास. राज्य बदललं हे कळायला फलक वाचावा लागतो. आणि चालता चालता लक्षात येतं की एकेकाळी बऱ्हाणपूर हीच खानदेशाची राजधानी होती. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य थाळनेरहून वाढलं, बऱ्हाणपूर-असीरगडला स्थिरावलं आणि 1601 मध्ये असीरगड अकबराकडे गेल्यावर संपलं. म्हणजे आपण ज्याला सीमेपलीकडचं म्हणतो तो एका काळचा मध्य होता. खानदेश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1960 मध्ये राज्याची हद्द ठरली, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. शंभर वर्षांत इतक्या रेषा ओढल्या गेल्या. तुमच्या नेमात यातली एखादी जुनी रेषा घेता येईल. आज कागदावर नसलेली हद्द चालणं हे मला आजची हद्द चालण्याहून जास्त बोलकं वाटतं, कारण तिथे कुणी फोटो काढायला थांबत नाही आणि माणसं आठवणीतून बोलतात.

तुम्ही शिरपूरचे, तेव्हा पळासनेरकडून बिजासन घाटात जाणारी वाट तुमच्या मनात असणारच. खाज्या नाईक यांच्याकडे इंग्रजांच्या नोकरीत याच सेंधवा घाटवाटेची राखण होती आणि 1857 च्या उठावात तेच इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. ज्याच्यावर वाट सांभाळायची जबाबदारी, त्यालाच ती कुणासाठी सांभाळायची हा प्रश्न पडावा, यात मोठ्या कामाचं बीज आहे. पण आज तो महामार्ग आहे, ट्रकांची रांग असते, कडेला पाय ठेवायला जागा नाही. महामार्गाच्या कडेनं चालू नका. त्यातून धोक्याशिवाय काही मिळत नाही. घाटाच्या आजूबाजूच्या पाड्यांत जा आणि पूर्वी बैलगाड्या कुठून चढायच्या ते विचारत, ते लोक दाखवतील तेवढंच चाला.

राज्याच्या सीमेहून जवळची आणि जास्त तिखट सीमा म्हणजे गावाची शीव. माझ्या कामाचा बराच भाग शिवरस्त्यांवर झाला आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशाची प्रत मिळते. त्यात दोन गावांमधला हद्दीचा रस्ता, गाडीमार्ग, पायमार्ग दाखवलेले असतात. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं, रुंदी सव्वाआठ फूट. माणसानं चालावं म्हणून सरकारी कागदावर सव्वाआठ फूट राखून ठेवलेले आहेत, ही गोष्ट मला आजही हलवून जाते. नकाशा घेऊन जागेवर गेलात की यातलं बरंच काही सापडत नाही. रस्ता बांधात गेलेला असतो, कुठे विहिरीचा मलबा, कुठे तारेचं कुंपण, कुठे वेड्या बाभळीनं सगळंच गिळलेलं. शेतकऱ्यांच्या हयाती या वाटांच्या दाव्यांत जातात. अडवलेली वाट मोकळी करायला मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5, बांधावरून नवी वाट मागायला महसूल अधिनियम 1966 चं कलम 143, आणि दोन्हीकडे एकच प्रश्न फिरून येतो: इथून कुणी चालत होतं का? वाट चालत राहण्यानं जिवंत राहते, चालणं थांबलं की कागदावर उरते.

म्हणून शिवरस्ता पायाखाली घालणं हे निरागस काम नाही. तुम्ही कागद हातात घेऊन बांधावर उभे राहिलात की दोन्हीकडचे शेतकरी तुम्हाला मोजणीवाला समजतात. एखाद्या भाऊबंदकीत तुमच्या पावलांचा पुरावा म्हणून वापर होऊ शकतो. दोन्ही बाजूंना आधी भेटल्याशिवाय, काय करणार आणि काय करणार नाही हे सांगितल्याशिवाय शिवेवर पाय ठेवायचा नाही, हा माझा न मोडता पाळलेला नियम आहे.

काही वाटा मात्र आता पायाखाली येणारच नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं बाधित झाली, मणिबेली त्यातलं पहिलं. तापीवर उकाईचं पाणी आधीच पसरलेलं होतं. नर्मदेच्या काठावर राज्याची सीमा आता पाण्याच्या मधोमध आहे. पूर्वी तिथे नदीकाठानं गावाहून गावाला जायची वाट होती, नातेवाईक उन्हाळ्यात पलीकडे उतरून जायचे. ही वाट कशी चालायची? मी ती बसून चालते. एखाद्या आजीशेजारी बसायचं आणि तिला म्हणायचं, तुमच्या जुन्या घराच्या दारातून निघा आणि माहेरापर्यंत चला. ती बोलत जाते, मी पट्टीसारख्या लांब कागदावर रेषा ओढत जाते. इथे मोहाचं झाड, इथे खडकात पाय ठेवायला खाच, इथे पोर दमायचं म्हणून थांबायचो. दम लागण्याच्या जागा हातानं दाखवल्या जातात. गोष्ट संपायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात ती वाट पूर्वी चालून व्हायची, असं मला दोन-तीन आज्यांनी आपणहून सांगितलं. माझ्या सगळ्या कामांत हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्यात माझं एकही पाऊल नाही.

आता जे सांगते ते टाळून पुढे जाऊ नका. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावानं पाच माणसांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे लोक होते. फिरणं हीच त्यांची पिढीजात उपजीविका. ज्या भागात चालण्यावर कला करायची आहे, तिथे चालणाऱ्यांचा जीव गेलेला आहे, हे लक्षात ठेवून निघायचं. अनोळखी माणूस निवांत चालतोय, थांबतोय, पोरांकडे पाहतोय, वहीत लिहितोय, हे दृश्य गावकऱ्याला कसं दिसतं याचा विचार आपल्या कलेच्या आधी येतो. आणि हेही लक्षात घ्यायचं की शिकलेल्या, आडनाव सांगता येणाऱ्या, खिशात ओळखपत्र असलेल्या माणसाला जी सूट मिळते ती भटक्या समाजातल्या माणसाला मिळत नाही. बैराग्याचा, फकिराचा वेश घालून चालण्याची हौस काही कलावंतांना येते. ती कृपा करून करू नका.

निघण्याआधी वाटेतल्या गावांच्या पोलीस पाटलांना आणि सरपंचांना सांगा. पाड्यात शिरताना एकटे शिरू नका, आधीच्या गावातलं ओळखीचं माणूस बरोबर घ्या आणि त्याला त्या हंगामातल्या दिवसाच्या मजुरीहून कमी पैसे देऊ नका, कारण तो वाट दाखवतो म्हणजे त्याचं ज्ञान देतो. पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटू नका, त्यांचे फोटो काढू नका. यावल अभयारण्यासारख्या ठिकाणी वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका. वाट नोंदवणारं मोबाईल ॲप चालू करून वावरातून फिरू नका. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांत जीपीएसनं मोजणी झालेली आहे, जमीन मिळण्या-न मिळण्याशी ते यंत्र लोकांच्या मनात जोडलेलं आहे. तुमच्या फोनच्या पडद्यावरची निळी रेषा पाहून कुणाच्या पोटात गोळा येत असेल तर ती रेषा तुमच्या कामाची नाही.

वाटेत पहिला प्रश्न येतो तो ठरलेला. “कथा चालनात ताई?”, म्हणजे अहिराणीत, कुठे चाललात ताई? याचं उत्तर तयार ठेवा आणि ते खरं ठेवा. कलाप्रकल्प असं सांगितलंत तर समोरचा गप्प होतो. मी सांगते, अमुक गावाहून तमुक गावापर्यंत चालले आहे, वाटेतल्या जुन्या वाटा लोकांना विचारून लिहून घेते, लिहिलेलं परत आणून वाचून दाखवणार आहे. मग माणूस आपली वाट सांगू लागतो. बाई म्हणून मला दुसरा प्रश्न येतो, एकट्याच का. काम नसताना एकट्या बाईनं चालणं आपल्याकडे कुणाच्या समजुतीत बसत नाही. कामाच्या नावाखाली मात्र बाया रोज मैलोगणती चालतात: पाण्याला, सरपणाला, निंदणीला, पहाटे मोहाची फुलं वेचायला. म्हणून माझी पहाटेची चाल बहुतेक वेळा त्यांच्या बरोबरीनं असते. डोक्यावर भारा असलेल्या बाईच्या वेगानं चालून पाहा. ती थांबत नाही, कारण भारा उतरवला तर परत चढवायला दुसरं माणूस लागतं. त्या वेगात बोलणं कसं तुटक आणि नेमकं होतं, ते मला कुठल्याही कलाशाळेत शिकायला मिळालं नसतं.

ऋतूचं थोडक्यात. कार्तिक ते माघ हा आपला काळ. पावसाळ्यात काळी माती पायाला धरून ठेवते, वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि दुपारी चालणं म्हणजे जिवाशी खेळ. पण एक लक्षात ठेवा, दिवाळीनंतर डोंगरातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे आणि दक्षिणेकडे गेलेली असतात. जानेवारीत धडगावच्या पाड्यांत तुम्हाला म्हातारी माणसं आणि लहान पोरंच भेटतील. ते रिकामेपण तिथलं कायमचं रूप समजून तसं चितारलंत तर ते खोटं ठरेल. होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात तेव्हा तीच गावं ओळखू येत नाहीत. चैत्रात मोलगी-धडगावकडे आमचुरासाठी कैऱ्या सोलून वाळत घातलेल्या असतात आणि वाटेला आंबट वास येतो. जमलं तर एकच वाट दोन ऋतूंत चाला.

साहित्य फार लागत नाही. जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, पाणी, सराट्यांपासून वाचवणारे जाड तळाचे जोडे. मी प्रत्येक शिवारातली चिमूटभर माती घेते: काळी, मुरमाची तांबडी, जुन्या गावठाणाच्या टेकाडावरची पांढरी. ती वस्त्रगाळ करून बाभळीच्या डिंकात घोटली की उत्तम रंग होतो. धावड्याचा डिंक चिकट राहतो, त्याला जास्त पाणी आणि सबुरी लागते. पांढरीच्या टेकाडांवरून माती घेताना जपा, तापी-गिरणेच्या काठची अशी काही टेकाडं ताम्रपाषाण काळातल्या वस्त्यांची आहेत. खापरं दिसली तर हात लावू नका.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, दाखवायचं काय. शहरातल्या दालनात लावता येतील अशी चित्रं, ध्वनिमुद्रण, नकाशे यातून तयार होतील, ते लावा, त्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या वाटेवरून चाललात त्यांना ते आधी दिसलं पाहिजे, आणि त्यांना त्यात आपली वाट ओळखता आली पाहिजे. ओळखता आली नाही तर काम अजून झालेलं नाही, असं मी धरते. त्यासाठी दालन लागत नाही. मारुतीच्या पारावर, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, आठवडे बाजारात गोणपाट अंथरून लांब कागद उलगडायचा आणि मोठ्यानं वाचायचं. अहिराणीत सांगितलेलं अहिराणीत, पावरीत, म्हणजे पावरा आदिवासींच्या बोलीत, सांगितलेलं पावरी येणाऱ्या माणसाच्या तोंडून. लोक चुका काढतात: इथे मोह नव्हता, चिंच होती. त्या दुरुस्त्या कागदावरच, त्यांच्यासमोर, वेगळ्या रंगात करायच्या. असं तीन-चार गावांतून फिरून आलेल्या कागदावर मूळ रेषेपेक्षा दुरुस्त्याच जास्त असतात आणि तो कागद माझ्या एकटीच्या हातचा राहत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच कागद दाखवलात तर इकडच्या दुरुस्त्या आणि तिकडच्या दुरुस्त्या शेजारी येतात, आणि मघाशी म्हटलेली रुंदी डोळ्यांना दिसते.

तुमच्या पहिल्या चालण्यासाठी माझी सूचना अशी. दिवाळी झाली की भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या गावाचा आणि उत्तरेकडच्या शेजारच्या गावाचा नकाशा घ्या. दोन्हीमध्ये जो शिवरस्ता दाखवला आहे तो बोटानं शोधा. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना भेटा, घरी जाऊन, चहा घेऊन, घाई न करता. मग एका सकाळी दोन्ही गावांतलं एकेक म्हातारं माणूस बरोबर घ्या आणि ती वाट त्यांच्या वेगानं चाला. जिथे ती अडलेली असेल तिथे थांबा, उडी मारून पुढे जाऊ नका. पूर्वी इथून कोण जायचं ते दोघांना विचारा, दोघांची उत्तरं वेगळी असतील, दोन्ही लिहा आणि वळसा घालून पुढे चला. वळसाही रेषेत काढा. महिन्याभरानं तो कागद घेऊन दोन्ही गावांत जा. आणि ज्याच्या बांधावर वाट अडली आहे, त्याला तो पारावर उलगडण्याआधी त्याच्या घरी जाऊन दाखवा. तो म्हणाला की हा भाग लोकांसमोर नको, तर तेवढा भाग कागदावर कोरा ठेवा.